सज्ञान

सातबाऱ्यावर एखाद्या लेकराचं नाव वारसानं चढलं, की त्याच्यासोबत 'अ. पा. क.' अशी तीन अक्षरं येतात. अज्ञान पालन कर्ता. बाप गेला, पोरगं चार वर्षांचं, जमीन पोराच्या नावावर. पण पोराला कळत नाही, म्हणून त्याच्या वतीनं व्यवहार बघणारी त्याची माय. कागदाच्या मराठीत अठराच्या आतला तो अज्ञान आणि अठरा भरले की सज्ञान. आमच्याकडं कैक सातबाऱ्यांवर पोरगं चाळिशीचं झालं, त्याला स्वतःची पोरं झाली, तरी ही तीन अक्षरं तशीच असतात. तलाठ्याकडं जाऊन ती कमी करून घ्यायला कुणाला सवड नसते. पीककर्ज काढायला बँकेत गेल्यावर त्याला कळतं, की आपण अजून अज्ञानच आहोत.

अठराची ही रेघ इंग्रजांनी १८७५ च्या कायद्यानं मारली. आमचं चारठाणा तेव्हा निजामाच्या राज्यात, त्यामुळं रेघ आमच्यापर्यंत यायला वेळ लागला. मतदानाची रेघ १९८९ पर्यंत एकवीसवर होती, मग ती अठरावर आली. लग्नाला पोरीला अठरा, पोराला एकवीस. कामाला लावायची रेघ चौदावर. म्हणजे एकच पोरगं एका कागदाला चौदाव्या वर्षी तयार वाटतं, दुसऱ्याला अठराव्या आणि तिसऱ्याला एकविसाव्या. कागदाचं मी चूक म्हणत नाही. कागदाला कुठंतरी रेघ मारावीच लागते. पण गावात आईबाप जे विचारतात ते ह्या रेघांनी सुटत नाही. "पोरगं आता कामाला लावावं का अजून शिकू द्यावं?" हे मला पारावर, लग्नात, मयतीत, सगळीकडं विचारलं गेलंय. मी दहावी शिकलेला, १९७५ साली नव्या दहावीची पहिली बोर्डाची परीक्षा झाली त्यातला. तेवढ्यावर लोक मला विचारतात.

गोऱ्ह्याचं आम्हाला कळतं. त्याचा जबडा उघडून बघायचा. अदंत असेल तर सोडून द्यायचा, फिरू द्यायचा. अडीच वर्षांच्या आसपास त्यानं दोन दात लावले, की जू दाखवायला सुरुवात. तेही एकदम नांगराला नाही. आधी नुसता ओंडका ओढायला लावायचा, मग जुन्या, थंड बैलाच्या जोडीला वखराला, तेही सकाळच्या गारव्यात दोन तास. घाई केली तर खांदा सुजतो, आणि एकदा खांदा बिघडला की तो बैल जन्मभर जू बघितलं की मान काढून घेतो. उशीर केला तरी वाईट. चार दाती होईपर्यंत मोकाट सोडलेला गोऱ्हा वेसणीला दाद देत नाही. हे सगळं मला माझ्या बापानं शिकवलं, त्याला त्याच्या बापानं. पण पोराच्या तोंडात बघून असं काही समजत नाही. आणि दुसरंही एक आहे. बैलाच्या कमाईवर बैलाचा हक्क नसतो, आणि तसा तो असावा असं कुणी म्हणतही नाही. पोळ्याला पुरणपोळी चारली की आमचा हिशोब मिटतो.

पोराचा हिशोब तसा मिटत नाही.

म्हणून मला वाटतं, काम करणं आणि कमावणं ह्या दोन गोष्टी आपण एका दाव्याला बांधल्यात, त्या सोडवल्या पाहिजेत. कामाला तर लेकरू फार लवकर तयार असतं. सात-आठ वर्षांचा असताना मी ज्वारीत माळ्यावर चढून गोफणीनं पाखरं राखायचो. दगड पाखराला लागत नाही, नुसता आवाज लागतो, हे मला त्या माळ्यावर कळलं. वासरं चारली, पेरणीत तिफणीमागं चाललो, बापाच्या हातातून मूठभर बी घेऊन चाड्यावर धरून बघितलं. बी कसं सुटतं हे मी सांगून समजवू शकणार नाही. ते बोटांनाच कळतं, आणि बोटं कोवळी असताना लवकर कळतं. आमच्या गावात जुनी देवळं आहेत, बारव आहे, कोरीव कामाचा उंच दगडी स्तंभ आहे. परगावचे लोक येतात, फोटो काढतात. मी जेव्हा तो स्तंभ बघतो तेव्हा मला राजापेक्षा पाथरवटाचं पोरगं आठवतं. विसाव्या वर्षी छिन्नी हातात घेणाऱ्याला ती नक्षी जमली असेल असं वाटत नाही. बापाशेजारी बसून त्यानं लहानपणी खराब दगडावर टोले मारले असणार. ही माझी कल्पना आहे, शिलालेखात तसं काही नाही.

तर लेकरानं कामाला हात लावला म्हणून मी कधी हळहळलो नाही. शहरातले पाहुणे येतात, आमची बारकी पोरगी शेळीला पाला टाकताना बघून "अरे अरे" करतात. त्यांच्या घरच्या पोराला बारा वर्षांचं होऊन स्वतःचं ताट उचलता येत नाही, ह्याचं त्यांना काही वाटत नाही.

कमाईचं मात्र वेगळं आहे. ते मला बहात्तरच्या दुष्काळात दिसलं, समजलं फार उशिरा.

१९७२ ला मी चौदा वर्षांचा. पाऊस आला नाही, विहिरी तळाला गेल्या, कडबा संपला. सरकारनं दुष्काळी कामं काढली. रस्ते, नालाबांध, पाझर तलाव. आमचं सगळं घर खडी फोडायला गेलं. तांबडी मिलो ज्वारी मिळायची, लेकरांना सुकडी मिळायची. सुकडीची चव अजून जिभेवर आहे, ती वाईट नव्हती. कामावरच्या माणसानं माझ्याकडं बघितलं आणि मायला म्हणाला, "बाई, ह्याचं नाव लागत नाही. लहान हाये." माय म्हणाली, "नाव नका लावू, पर बसू द्या." मग मी तिच्या शेजारी बसून खडी फोडायचो आणि माझी खडी तिच्या ढिगात जायची. ढिगाचं माप व्हायचं, तिच्या नावापुढं लिहिलं जायचं, तिचा अंगठा लागायचा.

त्या वेळी मला राग यायचा, की फोडली मी आणि नाव हिचं. पण तिथं खरी नवलाई माझी नव्हती, मायची होती. माय तेव्हा पस्तिशीची असेल. लहानपणापासून ती रानात राबत होती. निंदणी, खुरपणी, कापूस वेचणी, खळं. एवढं करून तिच्या हातात कधी पैसा आला नव्हता. घरच्या रानात तर प्रश्नच नाही. दुसऱ्याच्या रानात गेली तरी मजुरीचं धान्य बाप आणायचा. त्या दुष्काळी कामावर पहिल्यांदा तिचं नाव, नुसती अमक्याची बायको म्हणून नाही, तिचं नाव, कुणीतरी वहीत लिहिलं, मोठ्यानं पुकारलं आणि पैसे तिच्या हातात मोजले. त्या पहिल्या पगाराच्या दिवशी तिनं बापाला न विचारता मीठ, गूळ आणि माझ्यासाठी एक पाटी घेतली. बाप काही बोलला नाही. कागदानं तिला कधीच सज्ञान म्हटलेलं होतं. माझ्या लेखी माय सज्ञान झाली ती त्या दिवशी.

वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. त्यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातल्या विसापूरला आधी हा प्रयोग करून बघितला, की जो काम मागेल त्याला काम द्यायचं. पुढं दुष्काळानंतर १९७७ ला त्याचा कायदा झाला, १९७९ च्या २६ जानेवारीपासून तो लागू झाला. रोजगार हमीवर लोकांनी हजार विनोद केले, त्यातल्या चोऱ्याही आम्ही बघितल्या. पण बाईच्या आणि बाप्याच्या कामाला एकच दर, आणि दाम तिच्या हातात, ही गोष्ट मराठवाड्यातल्या बायकांना त्या कामांनी दिली. पुढं २००५ ला त्याच विचाराचा साऱ्या देशासाठी कायदा झाला.

त्याच्या उलटंही मी त्याच काळात बघितलं. आमच्या आळीत एक पोरगं होतं, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. नाव सांगत नाही. त्याच्या बापानं बहिणीच्या लग्नाला मालकाकडून उचल घेतली आणि पाडव्याला पोराला सालानं ठेवलं. आमच्याकडं सालगड्याचं साल पाडव्याला सुरू होतं आणि पाडव्याला फिटतं. पोराला जेवण, वर्षाला कपडे, आणि बाकी हिशोब बापाच्या नावावर. काम तसं मी करत होतो त्यापेक्षा जड नव्हतं. गुरं सोडायची, चारायची, बांधायची, शेण काढायचं. मीही घरी तेच करत होतो. मालकही मारकुटा नव्हता. मग त्याच्यात आणि माझ्यात फरक काय होता?

ह्याच्यावर मी खूप विचार केलाय. वय सारखंच, कामही सारखंच. फरक एवढाच, की मला ताप आला तर मी "आज नाही जमत" म्हणू शकत होतो. बाप शिव्या द्यायचा आणि स्वतः गुरं सोडायचा. त्याला तसं म्हणता येत नव्हतं, कारण त्याचं 'नाही' त्याच्या बापानं आधीच उचलीत घालून टाकलं होतं. दुसरं, त्याच्या घामाची किंमत किती ठरली हे त्याला माहीत नव्हतं. सालाच्या बोलीच्या वेळी तो ओसरीबाहेर उभा होता. १९७६ ला वेठबिगारीविरुद्ध कायदा झाला तेव्हा शाळेतल्या गुरुजींनी पेपर वाचून दाखवला. आम्हाला वाटलं, ते कुठल्यातरी लांबच्या मुलखातलं असेल.

तेव्हापासून मला कुणी विचारलं, की पोरगं कमवायला तयार झालं का, तर मी वय विचारत नाही. मी विचारतो, बोली कोण करणार? पैसे कुणाच्या हातात येणार? आणि त्यानं एखाद्या दिवशी नाही म्हटलं तर काय होईल? ह्या तिन्हींना पोरगं स्वतः उत्तर देऊ शकत असेल तर ते तयार आहे, मग सोळाचं असो. देऊ शकत नसेल तर तीस वर्षांचं असलं तरी त्याला कुणीतरी पालन कर्ता आहेच.

ह्यावर आमच्यातला एक शहाणा माणूस मला म्हणाला, "तुमचं हे नाही म्हणायचं भरल्या पोटाचं आहे, आबा. मुकादमाची उचल घेतलेलं जोडपं तरी कुठं नाही म्हणू शकतं? ते काय अज्ञान हायेत?" बरोबर आहे त्याचं. मी त्याला लगेच उत्तर देऊ शकलो नाही. आमच्या जिंतूर तालुक्यातून ऊसतोडीला लोक जातात, शेजारच्या बीडमधून तर गावंच्या गावं रिकामी होतात. नवराबायको मिळून एक कोयता. सोबत पोरगी असते; ती कोपीत बारक्याला सांभाळते, चूल करते, वाढे गोळा करते. पोरगं असेल तर मोळ्या वाहतं, बैल बघतं. ह्यातलं काहीच कुठं लिहिलं जात नाही, कारण माप टनावर होतं आणि कोयता मायबापाच्या नावावर असतो. वेचणीचंही तसंच. कापूस किलोवर मोजला जातो, लेकरानं वेचलेला मायच्या गाठोड्यात जातो, आणि काट्याला वय समजत नाही. माझी खडी मायच्या ढिगात गेली त्याला पन्नासवर वर्षं झाली. ढीग तेवढे बदलले.

कायद्यानं प्रयत्न केले. १९८६ चा बालमजुरीचा कायदा, २००९ चा शिक्षणहक्काचा. २०१६ ला दुरुस्ती झाली: चौदाच्या आतलं लेकरू कुठल्याच कामावर ठेवायचं नाही, चौदा ते अठरा धोक्याच्या कामावर नाही. पण शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या कामाला मदत केली तर चालतं. ही सूट माझ्यासारख्या शेतकऱ्याला पटते, नाहीतर गोफण हातात घेणारं प्रत्येक लेकरू गुन्ह्यात येईल. पण ह्याच सुटीच्या आडून कोपीतली पोरगी घरकामात मोजली जाते. साखरशाळा निघाल्या. पोरं गावातच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहंही निघाली, जिथं नीट चालली तिथं पोरं खरंच शिकली.

तर त्या शहाण्या माणसाला मी आठ दिवसांनी उत्तर दिलं. म्हटलं, तुझं खरं आहे. तयार असणं हे एकट्या पोराच्या अंगात नसतं. दुष्काळी काम नसतं तर माझी माय साठीपर्यंत तशीच राहिली असती. कुणीतरी वही उघडून तिचं नाव पुकारलं म्हणून ती तयार झाली. उचलीत अडकलेलं जोडपं अज्ञान नाही. त्यांचं नाही म्हणणं विकत घेतलं गेलंय, आणि ते मुकादमाकडं गहाण आहे. तो म्हणाला, "मग पोराला दोष नका देऊ." मी कुठं देतोय?

दोष दिला जातो तो आताच्या पोरांना. परभणीला, संभाजीनगरला, पुण्याला अभ्यासिकेत पंचवीस-अठ्ठावीसची पोरं बसलेली आहेत. दहा बाय दहाच्या खोलीत चौघं, मेसचा डबा, आणि बाप इकडून सोयाबीन मोंढ्यावर घालून पैसे धाडतो. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या वर जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांवर आले. म्हणजे ज्याच्या हातात आमची अ. पा. क. ही अक्षरं आहेत, तो तलाठी व्हायला दहा लाख पोरं रांगेत. पारावर लोक म्हणतात, ह्यांना काम नको. मला तसं वाटत नाही. ही पोरं दिवसाला बारा-बारा तास बसतात, ते काय आराम आहे? पण त्यांच्यातल्या कितीतरी जणांना 'मला हे आता नाही करायचं, मी परत येतो' असं बापाला म्हणता येत नाही. बापानं सहा वर्षं पैसे घातलेत. परत आलं तर सोयरीक येत नाही, रानात राबणाऱ्याला पोरगी द्यायला कुणी तयार नाही. तो अठ्ठावीसचा पोरगाही उचलीतच आहे, फक्त मुकादम घरचा आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ ला रयत शिक्षण संस्था काढली तेव्हा शिकणाऱ्या पोरांना रानात राबवलं. कमवा आणि शिका. त्यातलं 'शिका' आम्ही घेतलं, 'कमवा' गरिबाच्या पोरासाठी आहे म्हणून बाजूला ठेवलं.

पोरींचं राहिलं. पोरगी कामाला सगळ्यांत आधी तयार असते, आठव्या वर्षी घागर तिच्या डोक्यावर. १९९४ ला महाराष्ट्रात आणि २००५ ला देशात मुलीला वडिलोपार्जित जमिनीत बरोबरीचा वाटा मिळाला. आता काय होतं बघा. बाप गेला, की वारसात पोरींची नावं चढतात. एखादी अठराच्या आतली असेल तर भाऊ तिच्या अठराची वाट बघतात, कारण अज्ञानाची सही हक्कसोडीवर चालत नाही. अठरा भरले की गाडी करून तिला रजिस्ट्री ऑफिसात नेतात, सही घेतात, साडी घेतात. सज्ञान झाल्यावर तिची पहिली सही ती असते. बहिणीनं स्वतःच्या मनानं हक्क सोडला तर माझं काही म्हणणं नाही. पण माझ्या साठ-पासष्ट वर्षांत मी एकही बहीण अशी बघितली नाही, जिला गाडीत बसण्याआधी कुणी विचारलं, की बाई, तुला नाही म्हणायचंय का?

माझा नातू ह्या वर्षी सोळाचा झाला. दिवाळीच्या सुट्टीत त्याला जिंतूरला मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात काम करायचं होतं. त्याचा बाप, माझा थोरला, म्हणाला, "मी बोलतो मालकाशी, पैसे माझ्याकडं घेतो, नाहीतर हा उडवील." मी म्हटलं, त्याचं त्याला बोलू दे, आणि उडवू दे. पोरगं स्वतः गेलं, रोज ठरवला, कमीच ठरवला असं मला वाटतं. आठ दिवसांचे पैसे घेऊन आला तेव्हा अर्ध्याचे कसलेसे हेडफोन घेतले, आजीला शंभराची नोट दिली, बाकी खिशात. थोरल्याचं तोंड आंबट झालं.

दुसऱ्या आठवड्यात दुकानदारानं रविवारीही ये म्हणून सांगितलं. पोरगं म्हणालं, रविवारी येत नाही. थोरला माझ्यावर चिडला. "बघा आबा, आठ दिवस झाले नाहीत अन् मालकाला नाही म्हणतोय. उद्या काढून टाकतील." दुकानदारानं काढलं नाही. रविवारी नातू साडेअकरापर्यंत झोपला, उठून भाकरी खाल्ली आणि सोयाबीनची पोती मोजायला माझ्यासोबत खळ्यावर आला.